गोपाळरावांची खेचरी

"गुरू कशाला लागतो? विहिरीत पोहायला शिकलो तेव्हा कोण होता गुरू? थोरल्या भावानं मागून ढकललं, आणि आलो की नाही वर!"

गोपाळकृष्ण घारे यांनी पोह्यांच्या बशीसमोर ही घोषणा केली तेव्हा त्यांची उजवी नाकपुडी अंगठ्यानं दाबलेली होती. त्यामुळे आवाज जरा गेंगाणा आला, पण आत्मविश्वासात काडीची कमतरता नव्हती.

"वर आलात की वर काढलं?" इंदिराबाई लिंबू पिळत म्हणाल्या. "सासूबाई सांगायच्या, आपल्या औंढे गावातले दोघंजण दोर घेऊन उतरले होते."

"तो तपशील झाला!"

"आणि जन्मभर शाळेत गणित शिकवलंत, पेन्शन त्याचीच खाताय, आणि आता म्हणता शिकवणारा लागतच नाही! हे आधी सांगायचं होतं. पोरं तरी सुटली असती."

गोपाळरावांच्या कानशिलावरची शीर टम्म फुगली. तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं, त्यांनी डावी नाकपुडीही दाबली आणि ते दोन्ही नाकपुड्या बंद करून, डोळे वटारून बसून राहिले. इंदिराबाईंनी निवांतपणे पोहे संपवले.

आता गोपाळरावांचा राग ही काय चीज आहे, हे लोणावळ्यात कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत ते वर्गात ओरडले की शेजारच्या गल्लीतला न्हावी वस्तरा खाली ठेवायचा. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, राग राहिला. मग तो मिळेल त्याच्यावर निघायला लागला. एकदा घोरावाडी स्टेशनवर लोकल उशिरा येणार अशी सूचना झाली, तर हे थेट भोंग्याशी भांडले. माणसाशी नव्हे हो, भोंग्याशी! खाली उभं राहून, मान वर करून, "उशीर म्हणजे किती ते सांगा ना! मोघम काय बोलता!" असं भांडण. आणि दर थोड्या वेळानं भोंगा 'असुविधेबद्दल खेद आहे' म्हणायचा, त्यामुळे ह्यांना वाटायचं तो उत्तर देतोय.

पण खरा कहर झाला पुतणीच्या, प्रतीक्षाच्या लग्नात. मंगलाष्टकं चालू होती आणि मंडळी आपल्या सवयीनं मिळेल तेव्हा अक्षता उडवत होती. गोपाळराव बोहल्यापाशी आले, भटजींच्या हातातला माईक काढून घेतला आणि गरजले, "अक्षता 'सावधान' नंतर टाकायच्या! एवढं कळत नाही? सगळ्यांनी गोळा करा! पुन्हा पहिल्यापासून!" निम्म्या मांडवात त्यांचे माजी विद्यार्थी. ती पोरं, आता पोटं सुटलेली, मुकाट्यानं खाली वाकून तांदूळ वेचायला लागली. मुहूर्त टळून गेला. भाऊ अजून नीट बोलत नाही.

म्हणून मग कौमुदीनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, त्यांना समोर बसवून सांगितलं होतं.

"बाबा, तुळशीचं लग्न झालं की श्रीयशच्या घरचे बैठकीला येणार आहेत. त्याची आजी येईल, मामा येतील. मामा जरा चढ्या आवाजाचे आहेत. तुम्ही एकदा, फक्त एकदा जरी भडकलात ना, तर बैठक तिथंच संपली. मी आणि श्रीयश वडगावला जाऊन नोंदणी करून मोकळे होऊ. साक्षीला आई, आणि खालचे इकबालकाका, मेहरुनकाकू. तुम्ही घरी बातम्या बघत बसा."

ती हसत नव्हती. डोळ्यांत पाणीही होतं. गोपाळरावांना एवढं एकच दिसलं. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून त्यांनी एक चित्र मनात धरून ठेवलं होतं. अंतरपाट धरलाय, अलीकडे कौमुदी उभी आहे, आणि तिच्या मागं आपण, जरीकाठी उपरणं घेऊन. उपरणं तर घेऊनही ठेवलं होतं, डांबराच्या गोळ्या घालून. आता ते उपरणं घेऊन बातम्या बघायच्या?

राग जिंकायलाच हवा होता!

लोणावळ्यात योग शिकवणाऱ्यांना काय तोटा? दगड भिरकावला तर चिक्कीवाल्याला लागतो, नाहीतर योगवाल्याला. गोपाळरावांनी त्यातला एक वर्ग गाठला. सर मोठे शांत, हळू बोलणारे, पांढरी दाढी. म्हणाले, "डोळे मिटा. आणि श्वासाकडे नुसतं बघा."

"मिटून बघू? आणि श्वास दिसत नाही, तर बघू कसा?"

सर हसले. "जाणवेल हळूहळू."

"मग 'जाणून घ्या' म्हणा! 'बघा' काय? शिकवणाऱ्यानं नेमकं बोलावं. आणि तो पंखा कुणी लावलाय? माझा श्वास कुठला आणि पंख्याचा कुठला, कळणार कसं मला?"

तास संपेपर्यंत पंखा तीनदा बंद झाला आणि तीनदा चालू झाला, मागच्या रांगेतल्या दोन बायका उठून गेल्या, आणि सर दारापर्यंत सोडायला आले. हात जोडून म्हणाले, "उद्या नाही आलात तरी चालेल."

तर अशा रीतीनं गुरूचा प्रश्न निकाली निघाला होता. राहिला मोबाईल. मोबाईलवर क्रियायोग शिकवणारे महाराज इतके की त्यांची जत्रा भरावी. एक म्हणे श्वास डावीकडून घ्या, दुसरा म्हणे डावीकडून घेतलात तर संपलात. एक म्हणे कण्यातून ऊर्जा वर चढवा, दुसरा म्हणे खाली उतरवा. गोपाळरावांनी प्रत्येकाच्या खाली जाऊन 'आधी आपसात ठरवा!' असं लिहिलं. सगळीकडून 'जय गुरुदेव' एवढंच उत्तर आलं. मग त्यांनी स्वतःच सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊन आपली पद्धत बनवली, जशी इंदिराबाई उरलेल्या भाज्यांची मिसळ करायच्या.

पहिल्या दिवशी गॅलरीत बसून भस्त्रिका झाली. लोहाराच्या भात्यासारखा श्वास फूस फूस आत, फूस फूस बाहेर. खालच्या मजल्यावर इकबालभाई राहायचे. बाजारात त्यांचं चिक्की आणि फजचं दुकान, आणि गोपाळरावांची दोस्ती शाळेच्या बाकापासूनची. त्यांच्या बायकोनं, मेहरुनभाभींनी तो आवाज ऐकला आणि त्या वाफ घ्यायची मशीन घेऊन धावत वर आल्या.

"वहिनी, भाऊजींना दम्याचा झटका आलाय! लवकर तोंडाला लावा!"

"झटका नाही, शांती मिळवतायत," इंदिराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या प्रयोगात हनुवटी छातीला टेकवून श्वास कोंडायचा होता. श्वास सुटला, मान नाही सुटली. आठवडाभर गोपाळराव रस्त्यानं स्वतःच्या पोटाकडे बघत चालले. लोकांना वाटलं मास्तर नम्र झाले.

आणि मग सापडली खेचरी! खेचरी म्हणजे काय, तर जीभ उलटी दुमडायची आणि टाळूला मागं, पार पडजिभेच्या दिशेनं टेकवून ठेवायची. डोळे मिटायचे नाहीत, नजर वर चढवून दोन भुवयांच्या मध्ये लावायची. श्वास रोखायचा. आणि राग वर चढायला लागला की मान आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि मग पुढं झुकवायची. मान हलवणं हे दुसऱ्याच एका महाराजांचं होतं, पण गोपाळरावांनी ते जोडून घेतलं. आणि काय चमत्कार! राग येत होता, चांगला बचकभर येत होता, पण जीभच दुमडलेली, मग बाहेर पडणार कुठून?

"जिंकलं!" गोपाळराव इकबालभाईंच्या दुकानात जाऊन म्हणाले.

"अरे गोपाळ, ह्याला जिंकणं नाही म्हणत," इकबालभाई फज कापता कापता म्हणाले. "ह्याला बाटलीला बूच लावणं म्हणतात. सोड्याच्या बाटलीला."

"तुला अध्यात्मातलं काय कळतं?"

"सोड्यातलं कळतं."

शनिवारी परीक्षाच झाली. पर्यटकांची एक भलीमोठी गाडी बरोब्बर गोपाळरावांच्या फाटकात आडवी लागली, आणि आतली पोरं उतरून आरामात वडापाव खायला लागली. एरवी ह्या प्रसंगी गोपाळरावांचा आवाज खंडाळ्यापर्यंत गेला असता. आज ते फाटकापाशी गेले, जीभ दुमडली, नजर वर चढवली आणि मान उजवीकडे, डावीकडे, पुढं. पोरं आधी दचकली. मग एकजण हळूच म्हणाला, "भाई, कोई पहुँचे हुए बाबा हैं." मग सगळ्यांनी रांगेनं पाया पडून सेल्फी काढले. गोपाळराव विजयी मुद्रेनं घरात आले. गाडी दिवेलागणीपर्यंत हलली नाही आणि गॅसवाला सिलिंडर परत घेऊन गेला, पण रागावले का? नाही रागावले!

कौमुदीला मात्र हे बघून भरून आलं. "बाबा, माझ्यासाठी एवढं करताय!" ती म्हणाली आणि तिनं त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. बास! मग तर गोपाळरावांनी ठरवूनच टाकलं, बैठकीत आकाश कोसळलं तरी जीभ सरळ करायची नाही.

बैठकीचा दिवस उजाडला. तळेगावाहून मंडळी आली. श्रीयश, कौमुदी नोकरी करायची त्या कारखान्यातलाच इंजिनियर, चांगला मोकळा पोरगा. त्याचे वडील सीतारामराव, सगळ्याला 'बरं, बरं' म्हणणारे. निवृत्तीमामा, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, त्याहून पांढरी टोपी. आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, चंपाआजी. आजींचं बसणंच असं की घर कुणाचंही असो, खुर्ची त्यांची वाटावी. आपल्या बाजूनं इकबालभाई आणि मेहरुनभाभी होतेच. इकबालभाईंनी दुकानातून ताज्या अक्रोड फजचा डबा आणला होता.

चहा झाला. मामांनी घसा साफ केला.

"तर पाव्हणं, ल्हान तोंडी मोठा घास, पण आमी लपवून ठिवत न्हाई. लग्न आमच्याकडं, घोरावाडीला. व्हय का न्हाई?"

लग्न मुलीकडे, लोणावळ्यात, हे श्रीयश-कौमुदीचं आधीच ठरलेलं! गोपाळरावांच्या कानशिलावरची शीर उडाली. पण त्यांनी चटकन जीभ दुमडली, नजर चढवली, श्वास रोखला. मान उजवीकडे, डावीकडे आणि मग झोकात पुढं.

"व्हय म्हणत्यात!" मामा खूश. "लिव्हा!"

इंदिराबाईंनी पदराआडून त्यांच्या पायावर पाय दिला. गोपाळरावांना वाटलं, शाबासकी आहे.

आता मामाही माणूसच. एक मागितलं, मिळालं, मग दुसरं मागून बघावं असं कुणाला नाही वाटणार? भावकीतल्या प्रत्येकाला मानाचा फेटा? मान हलली. वरातीला डीजे, भिंती हलतील असा? डीजेचं नाव काढलं की गोपाळराव रस्त्यातसुद्धा थांबून भांडायचे. आता राग एवढा उसळला की मान दोनदा हलली.

"डबल व्हय!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाले. "असा इवाई शोधून घावायचा न्हाई! मंग ऐका. नवरदेव हेलिकॉप्टरनं आनायचा!"

"मामा!" श्रीयश ओरडला. "तळेगाव ते घोरावाडी हेलिकॉप्टर? चालत जाता येतं!"

"तू गप. डायरेक न्हाई आनायचा. आदी हितं औंढ्याला उतरवायचा, पाव्हण्यांच्या शेतात. गावानं बगाया पायजे. मंग परत उडवायचा. काय पाव्हणं? भाताचं खाचर सपाट करून द्याल ना?"

ते खाचर! वडिलांनी राखलेलं, इंद्रायणी तांदळाचा वास शिवारभर सुटतो ते खाचर! गोपाळरावांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांची बुबुळं पार वर गेली, नुसतं पांढरं दिसायला लागलं. मान गरगर फिरली आणि पुढं झुकली.

"समाधी लागली जनू," सीतारामराव आदरानं पुटपुटले. "बरं, बरं."

"अहो!" इंदिराबाई दातओठ खात कुजबुजल्या. "काय कबूल करताय!"

मेहरुनभाभी इकबालभाईंच्या कानाशी लागल्या, "ती वाफेची मशीन आणू का?"

आणि तेव्हा चंपाआजींनी काठी फरशीवर टेकवली.

"ते इमान-बिमान तुमी बगा," आजी म्हणाल्या. "माजं येकच हाय. आमच्यात सुनंचं नाव बदलत्यात. तांदळात लिव्हत्यात. ती रीत हाय, मोडायची न्हाई. गुर्जींनी अक्षर काडून दिलंय. नाव ठिवायचं पार्वती."

कौमुदीचा चेहरा पडला. "आजी, श्रीयशचं आणि माझं ठरलंय. मी नाव बदलणार नाहीये."

"आजी, खरंच," श्रीयश म्हणाला, "मला पण नकोय."

"पोरांनी बोलायचं न्हाई. बैठक वडीलधाऱ्यांची असती. पोरीचा बाप बसलाय ना समूर? त्येनं सांगावं. त्यो व्हय म्हणला तर व्हय, न्हाई म्हणला तर न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. कौमुदीनंही वळून पाहिलं.

"बाबा?"

त्या एका शब्दानं गोपाळरावांची बुबुळं धाडकन जागेवर आली. पोरगी त्यांच्याकडे बघत होती. लहानपणी सायकलवरून पडली की बघायची, तशी. भडकलो तर वडगाव. उपरण्याला जन्मभर डांबराच्या गोळ्या. गप्प बसलो तर कौमुदी जाईल आणि दुसरीच कुणीतरी पार्वती तांदळातून निघेल. नाव घेऊन आली होती ती! नाव आपण ठेवलं होतं! जाऊ दे ते लग्न, जाऊ दे ते उपरणं! गोपाळरावांनी ठरवलं, बोलायचं.

पण जीभ कुठं होती?

इतका वेळ मागं दुमडलेल्या जिभेत गोळा आला होता. पोटरीत येतो तसाच, पण जिभेत! ती काही केल्या उलगडेना. "अंऽऽ," गोपाळराव म्हणाले. "अंऽऽ! ङंऽऽ!" आणि 'नाही, नाही' म्हणून मान जोरजोरात हलवायला लागले. पण बैठक सुरू झाल्यापासून त्या मानेचा अर्थ एकच लावायची सगळ्यांना सवय झाली होती.

"व्हय म्हणत्यात!" मामा आनंदानं उठले. "ठरलं! लय मोठ्या मनाचा मानूस! तोंड गोड करा पाव्हण्यांचं!" आणि त्यांनी डब्यातली अक्रोड फजची सगळ्यांत मोठी वडी उचलून, गोपाळरावांच्या उघड्या तोंडात आग्रहानं, अंगठ्यानं आत कोंबली.

इकबालभाईंचा फज! तो चिकटला की दातालासुद्धा सोडत नाही, असं इकबालभाई स्वतः गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचे. वर टाळू, मध्ये दुमडलेली जीभ, खाली फज. गोपाळरावांचं तोंड सीलबंद झालं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आनंदाश्रू," सीतारामराव म्हणाले. "बरं, बरं."

"कसले आनंदाश्रू! गुदमरतोय तो!" इकबालभाई ओरडले, खुर्ची उलटी करून धावले आणि त्यांनी गोपाळरावांच्या पाठीत असा गुद्दा घातला की शाळेच्या बाकावरचे सगळे जुने हिशेब फिटले. फज सुटला. सूंऽऽ करून बैठकीच्या डोक्यावरून गेला आणि मामांच्या पांढऱ्या शुभ्र टोपीवर, मधोमध, अक्रोडासकट बसला.

आणि जीभ मोकळी झाली.

"नाहीऽऽऽ!"

तिकडे शाळेशेजारच्या गल्लीतल्या न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

"नाही म्हणजे नाही! हेलिकॉप्टर नाही! डीजे नाही! माझ्या खाचरात कुणीही उतरणार नाही, बगळ्याशिवाय! लग्न इथं, लोणावळ्यात! आणि नाव? कौमुदी! कोजागरीला जन्मली ती! दवाखान्यातले दिवे गेले होते, नर्सबाई मेणबत्ती शोधत होत्या, आणि हिचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीतून आलेल्या चांदण्यात! तेव्हा नाव ठेवलंय! मी ठेवलंय! कुठल्या गुरुजीचं अक्षर लागलं नव्हतं मला! ते तांदळात लिहायचं असेल तर तेच लिहा, नाहीतर त्या तांदळाचा भात करून खा!"

कपाटावरचं गणपतीचं चांदीचं ताट बराच वेळ घणघणत राहिलं.

मग गोपाळरावांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. एका बैठकीत महिनाभराचं उरलंसुरलं सगळं निघालं होतं. ते मटकन खाली बसले. कौमुदीकडे बघायची हिंमत होईना.

"चुकलं माझं," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. "शब्द दिला होता, नाही पाळता आला. तुम्ही जा वडगावला. इकबाल येईल साक्षीला. मी... मी बातम्या बघीन."

मामा डोक्यावरचा फज काढू की नको, ह्या विचारात तसेच उभे. आणि चंपाआजी गोपाळरावांकडे एकटक बघत होत्या.

"माजं नाव गजरा व्हतं," आजी म्हणाल्या.

श्रीयश चमकला. "तुझं? आजी, तुझं नाव चंपा ना?"

"चंपा ह्या घरचं. म्हायेरचं गजरा. माज्या बापानं ठिवल्यालं. माजी बैठक झाली तवा त्यो बी असाच बसला व्हता, मान खाली घालून. ज्येनं त्येनं कायबी मागावं, ह्येनं मान हलवावी. माजं नाव बदलायचं म्हणले, तवा बी मान हलवली." आजींनी पदरानं डोळे पुसले, अगदी सरळ, न लाजता. "मी दाराआडून बगत व्हते. वाटायचं, आता वरडंल, मंग वरडंल. न्हाई वरडला. बाई, लय वाट बघितली मी त्येच्या वरडायची."

कौमुदी उठली आणि आजींच्या पायापाशी जाऊन बसली. आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कवमुदी," त्यांनी म्हणून बघितलं. "जड हाय जरा तोंडाला. पन म्हनीन. रीत मोडली तर मोडली. आनि निवृत्ती, ते इमान तुज्या लग्नात न्हवतं, ते हितं कशाला पायजे रं? बस खाली. टोपी पूस."

मामा बसले. त्यांनी बोटानं टोपीवरचा फज निपटला आणि सवयीनं तोंडात टाकला. "झ्याक हाय पन," ते म्हणाले.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मेहरुनभाभींनी पुन्हा चहा टाकला. कौमुदी बाबांजवळ आली, तेव्हा ते उठून उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभे राहतात तसे.

"अंतरपाटाजवळ माझ्या मागं तुम्हीच उभं राहायचं," ती म्हणाली. "पण एक अट आहे. ती जीभ-बीभ दुमडायची नाही. साधं, सरळ चिडायचं."

"आणि अक्षता कुणी आधी टाकल्या तर?"

"बाबा!"

"बरं, बरं," गोपाळराव म्हणाले. सीतारामरावांचा गुण लागला होता.

एवढ्यावर थांबले असते तर गोपाळराव कसले! मंडळी निघायच्या तयारीत होती, आणि निवृत्तीमामा हळूच त्यांच्याजवळ येऊन कानात बोलले.

"पाव्हणं, येक इचारू? ते डोळं वर लावून तुमी काय करत व्हता? शेवटचं सोडा, पन त्येच्या आदी लय शांत दिसत व्हता. माजा बी राग लय वंगाळ हाय. घरात कुनी बोलत न्हाई माज्याशी. मला शिकवा की!"

गोपाळरावांची छाती फुगली. गुरूशिवाय शिकलेली विद्या, आणि पहिला शिष्य चालून आलेला! महिन्याभरात कुठल्या कुठं पोहोचलो आपण! त्यांनी मामांना सतरंजीवर बसवलं, समोर स्वतः मांडी घातली आणि आवाज शक्य तितका संथ केला.

"जीभ राहू द्या तूर्त. डोळे मिटा, आणि श्वासाकडे नुसतं बघा."

मामांनी डोळे मिटले. लगेच उघडले.

"मिटून बगू? आनि श्वास दिसत न्हाई, तर बगू कसा? आनि पाव्हणं, त्यो पंखा बंद करा आदी!"

दारात उभ्या असलेल्या इंदिराबाईंना हसू आवरेना, त्या आत पळाल्या. गोपाळरावांच्या कानशिलावरची शीर फुगली, तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. मग ते उठले, गुपचूप पंखा बंद केला, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी योगवर्गाच्या सरांना फोन लावला.

"नमस्कार सर. मी जरा माफी मागायला फोन केलाय. शिकणं कठीण असतं हे माहीत होतं, शिकवणं एवढं कठीण असतं हे आज कळलं. म्हणजे मी स्वतः शिक्षकच होतो, पण तरी. पुन्हा येऊ का वर्गाला?"

"या की, अवश्य या," पलीकडून तोच शांत, प्रेमळ आवाज आला. "सगळ्यांना दार उघडं आहे. आपण कोण?"

"मी तो... पंखेवाला."

पलीकडे सरांनी एक दीर्घ श्वास आत घेतला. कोंडून धरला. सावकाश सोडला. फोनवर अगदी स्वच्छ ऐकू आला.

आणि सरांनी फोन ठेवून दिला.